शेवटच्या टपालपेटीपाशी

मंगळवार, ५ सप्टेंबर

आज सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी आम्ही टर्नस्टोन विकत घेतली. सह्या बँकेच्या मागच्या खोलीत झाल्या, जिथे ते नाताळची जुनी सजावट ठेवतात. कर्टने दोनदा भलत्याच रेषेवर सही केली आणि ती पानं पुन्हा छापावी लागली. माझा भाऊ घाबरला की त्याचं अक्षर मोठं होतं.

म्हणजे आजारी माणसांना व्हीलचेअरसकट दवाखान्यात नेणारी आणि परत आणणारी लाहती कंपनी, गाड्या एक्केचाळीस, आता अकरा माणसांच्या सॉफ्टवेअर कंपनीची मालक झाली. कोणती गाडी कधी कुठे जावी हे सांगणारं त्यांचं सॉफ्टवेअर आम्ही नऊ वर्षं वापरत होतो. त्यांनी कंपनी विकायला काढली तेव्हा आमच्याखेरीज एकच गिऱ्हाईक होतं, ते म्हणजे मधली कंपनी. विमा आणि आमच्यामध्ये बसून कोणाला गाडी द्यायची हे ठरवणारी. आमचं घड्याळही तिच्याच हातात गेलं असतं तर आम्ही फक्त स्टिअरिंग धरायला उरलो असतो. बँकेला मी हेच सांगितलं. वडिलांनी बांधलेलं गॅरेज गहाण टाकताना कर्टलाही हेच सांगितलं.

कारण खरं आहे. पण ते एकटंच आहे का? गेल्या वर्षी एका बैठकीत मधल्या कंपनीची कोरिन व्हिटकम मला म्हणाली होती, "हा तांत्रिक भाग आहे, तो तुम्हा गाडीवाल्यांना नाही कळायचा." ते मी अजून विसरलेले नाही. एवढ्या मोठ्या व्यवहारात या वाक्याचा वाटा किती, ते मला मोजता येत नाही.

संध्याकाळी बेव्ह म्हणाली, "झालं. आता तुला पुलाखालच्या भुतांशी रोज बोलावं लागणार." आमच्या उत्तरेला बाकीच्या राज्याशी जोडणाऱ्या पुलाच्या दक्षिणेला राहणाऱ्या सगळ्यांना ती भुतंच म्हणते. सव्वीस वर्षं ती आमच्या गाड्या सोडते आहे, तेव्हा तिला कोण काय बोलणार.

गुरुवार, १४ सप्टेंबर

टर्नस्टोनचा संस्थापक ऑस्ट्रँडर आला होता. करारानुसार तो वर्षभर आमच्याकडे नोकरीला आहे. सभ्य माणूस. बूट मात्र कागदासारखे पातळ.

बेव्हच्या फळ्यासमोर तो बराच वेळ उभा राहिला. फळ्यावर प्रत्येक गाडीचं एक चुंबक आहे. ते ती हाताने सरकवते.

"हे सगळं पडद्यावर दिसतं," तो म्हणाला.

"वीज गेली की काय दिसतं?"

"वीज किती वेळा जाते?"

"जानेवारीत या. अंधारात मोजू आपण दोघं."

तो हसला. मग त्याने मला आतली बाजू दाखवली, जी भाडेकरू म्हणून आम्हाला कधी दिसली नव्हती. प्रत्येक रुग्णाच्या नावापुढे शंभरपैकी एक आकडा. भरवसा-गुण. गाडी दारात आल्यापासून पाच मिनिटांत रुग्ण गाडीत बसला नाही की थोडे गुण वजा. चालकाने 'पोहोचलो' बटण दाबलं की घड्याळ सुरू होतं, 'बसले' दाबलं की थांबतं. हे गुण फक्त मधल्या कंपनीला जातात.

"ते काय करतात त्याचं?"

"ते त्यांचं धोरण. आम्ही फक्त मोजतो." मग म्हणाला, "तुमच्या उत्तरेचे आकडे नेहमीच जरा वेगळे येतात. मी एकदा त्यावर काम सुरू केलं होतं." आणि तलावात मासे कोणते मिळतात ते विचारू लागला. बिचाऱ्याला वेळ मिळाला नसणार. अकरा माणसांत सगळं राज्य सांभाळायचं म्हणजे होणारच.

सोमवार, २ ऑक्टोबर

लेंपी हार्जूंचा फोन. वय एकोणऐंशी. मी शाळेत असताना त्या तिथल्या स्वयंपाकीण होत्या. आता सोमवार-बुधवार-शुक्रवार डायलिसिसला जातात, एका बाजूने पंचावन्न मैल.

"क्रिस्टा, तुला इंग्रजी वाचता येतं ना? कॉलेजात गेली होतीस ना तू?"

"काय झालं, लेंपीबाई?"

"मला पत्र आलंय. माझे गुण एकतीस. चाळीसच्या खाली असलेल्यांनी एक जानेवारीपासून स्वतःची सोय करायची, पेट्रोलचे पैसे ते देतील म्हणे. पेट्रोल मी कशात घालू? चुलीत?"

त्या गाडी चालवत नाहीत. मुलगा ॲरिझोनात. आमच्याकडे बस नाही, कधीच नव्हती.

"चारशे पोरांना बेचाळीस वर्षं साडेअकराला वाढलं मी. साडेअकराचे अकरा पस्तीस एकदाही झाले नाहीत. तूही जेवलीयस त्यात. आणि मला एकतीस? तुझं गणितसुद्धा याहून बरं होतं."

मी म्हटलं, मी बघते. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की बघायचं कुठे ते मला पहिल्यांदाच माहीत आहे. ते पत्र ज्या आकड्यावर उभं आहे तो आकडा आता माझ्या कंपनीचा आहे.

डायलिसिसच्या ओळीने तीन-चार फेऱ्या चुकल्या तर त्या वयाचं माणूस आठवडा-दहा दिवसांत जातं. हे इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे कधी मला हे 'धोरण' वाटू लागलं तर हे पान उघडता येईल.

गुरुवार, १९ ऑक्टोबर

मोजलं. आमच्या रुग्णांपैकी एकशे सत्त्याऐंशी जणांना असं पत्र गेलंय. हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या राज्यातल्या बाकी सगळ्या कंपन्या मिळून फक्त बासष्ट.

कर्ट म्हणतो, आपली माणसं लांब राहतात, म्हातारी आहेत, बर्फ आहे. पण बर्फ सप्टेंबरात नसतं आणि सप्टेंबरातही आकडे तेवढेच वाईट.

व्हिटकमशी फोनवर बोलले. तिचा आवाज नेहमी नुकतंच जेवण झाल्यासारखा असतो.

"मिस लाहती, आकडे आमचे नाहीत. टर्नस्टोनचे आहेत. म्हणजे आता तुमचेच."

"म्हणूनच विचारतेय. ते चुकीचे असतील तर?"

"मग गेली कित्येक वर्षं दर तिमाहीला ते अचूक असल्याची सही तुमचीच कंपनी करतेय, त्याचं काय? पुढची सही तीस नोव्हेंबरपर्यंत हवी. नव्या मालकाची. विसरू नका हं."

आधी ऑस्ट्रँडर करायचा. आता मी करायची.

शुक्रवार, २७ ऑक्टोबर

आठवडाभर चालकांना सांगून ठेवलं होतं, दारात किती थांबावं लागतं ते कागदावर लिहा. ग्लेन पेल्टोने लेंपीबाईंच्या नावापुढे लिहिलंय: सोमवारी एक मिनिट, बुधवारी दोन. आज 'शून्य, बाई आधीच पायरीवर उभी, मलाच बोलली'.

त्याच तीन फेऱ्यांना यंत्र म्हणतं: आठ मिनिटं, नऊ, साडेसात.

कोणीतरी एक खोटं बोलतंय. यंत्राला खोटं बोलायचं कारण नाही. चालकांना आहे, त्यांचा जीव आहे या माणसांवर. मी ग्लेनला विचारलं, दया म्हणून कमी तर लिहिलं नाहीस ना? त्याने टोपी घातली आणि गेला. एकोणीस वर्षांत त्याने एकदाही मला न सांगता रजा घेतलेली नाही, आणि मी त्याला हे विचारलं. बेव्ह दिवसभर माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली.

मंगळवार, १४ नोव्हेंबर

उद्यापासून हरणांची शिकार सुरू. शाळा बंद, निम्मी दुकानं बंद, चालक सगळे रानात. कर्ट दुपारीच गेला. वडिलांच्या काळापासूनचा नियम आहे: पंधरा नोव्हेंबरला गाड्या बायका चालवतात. उद्याचीच बैठक व्हिटकमने ठेवली होती. मी कळवलं, त्या दिवशी जमणार नाही. तिने उत्तर पाठवलं, "सुट्टी आहे का?" मी "हो" लिहिलं.

ऑस्ट्रँडरला सांगून माझ्या टॅबवर आतली बाजू चालू करून घेतली आहे. गाडी चालवतानाही सगळे आकडे दिसतील.

बुधवार, १५ नोव्हेंबर

जसं झालं तसंच लिहायचा प्रयत्न करते.

पहिली फेरी लेंपीबाईंची. उजाडायच्या आधी निघाले. सहा इंच ताजं बर्फ. मुख्य रस्ता सोडून त्यांच्या रस्त्याला लागलं की ओळीने सात टपालपेट्या लागतात, आणि शेवटच्या पेटीपासून घर अर्धा मैल आत. शेवटची पेटी आली आणि माझ्या अंगठ्याने 'पोहोचलो' दाबलं.

मी विचार केला नाही. चालक म्हणून मी ते हजारदा केलं आहे. बटण दाबलं की यंत्र घरी फोन करतं: "तुमची गाडी दारात आहे." फोन वाजला की माणूस कोट शोधतो, बुटात पाय घालतो, मांजर आत घेतो. गाडी खरंच दारात येईपर्यंत तो तयार. म्हाताऱ्या माणसाची घाई होत नाही आणि दार उघडं ठेवून थंडीत उभं राहावं लागत नाही.

आज मात्र टॅबवर आतली बाजू उघडी होती. लेंपीबाईंच्या नावापुढे लाल आकडे उलटे धावू लागले. ४:५९. ४:५८. मी अजून झाडांमध्ये होते. बर्फ हटवणारी गाडी अजून येऊन गेली नव्हती, दहाच्या वेगाने चालले होते. दारात पोहोचले तेव्हा १:४० उरलं होतं. लेंपीबाई पायरीवर होत्या, एका हातात काठी, दुसऱ्या हातात डब्याची पिशवी. मी रॅम्प खाली केला, त्यांना व्हीलचेअरवर बसवून आत चढवलं, चारही पट्टे आवळले. 'बसले' दाबायला वळले तोवर आकडा शून्याखाली गेला होता आणि यंत्राने लिहिलं होतं: उशीर. वजा दोन.

लेंपीबाई म्हणाल्या, "काय गं, भूत पाहिलंस?"

मी म्हटलं, "नाही. पट्टा घट्ट झालाय का बघत होते."

ही युक्ती माझी आहे. चौदा वर्षांपूर्वी, तेव्हा फोन बेव्ह करायची आणि बटण नव्हतं, मी चालकांसाठी एक पान लिहिलं. चौथी ओळ: 'शेवटच्या वळणावर आलात की पोहोचलो म्हणून कळवा, माणसाला पाच मिनिटं मिळतील.' ते पान अजून प्रत्येक नव्या चालकाला देतात. माझ्या अक्षरात. पुढे बटण आलं आणि चालक सांगितल्याप्रमाणे बटण दाबू लागले. पुलाच्या दक्षिणेला असं कोणी करत नाही, कारण त्यांना कोणी तसं शिकवलंच नाही.

एकशे सत्त्याऐंशी माणसं. यंत्र खरं बोलत होतं आणि ग्लेनही.

गुरुवार, १६ नोव्हेंबर

बेव्हला सांगितलं. ती चुंबक हातात धरून उभी राहिली. मग म्हणाली, "म्हणजे आपण त्यांना पाच मिनिटं देत होतो आणि ते तीच पाच मिनिटं कापून घेत होते."

"चूक माझी आहे, बेव्ह."

"तू पाद्रीण व्हायला हवी होतीस. दर रविवारी सगळ्या गावाचं पाप एकटीने कबूल केलं असतंस. गावाचा वेळ वाचला असता."

आज सकाळपासून सगळ्या गाड्यांना नवा हुकूम: चाकं दारात थांबल्यावरच बटण. त्याआधीचा फोन बेव्ह स्वतः करणार, पूर्वीसारखा. ती तक्रार करत करत करते आहे, पण मला वाटतं तिला आवडतंय.

ग्लेन रानातून परतला, पहिल्याच दिवशी आठ फाट्यांच्या शिंगांचं हरण मारून. त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "मांस पाठवतो." माफ केलं की नाही ते कळलं नाही.

कर्टही परतला, रिकाम्या हाताने. त्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ बंदूक पुसत बसला. मग म्हणाला, "आजपासून आकडे सुधारतील ना? मग गप्प बसूया."

"जानेवारीपर्यंत चाळीसच्या वर यायला वेळ पुरत नाही. मी मोजलंय. लेंपीबाई अडतीसपर्यंत जातील."

"तू नेहमी मोजतेस," तो म्हणाला.

सोमवार, २० नोव्हेंबर

ऑस्ट्रँडरला दाखवलं. त्याला फार धक्का बसलेला दिसला नाही, पण काही माणसांचा चेहराच तसा असतो. जुने आकडे दुरुस्त करता येतील का म्हणून आम्ही आत शोधलं, तर तिथे आधीपासूनच एक जागा होती: 'उत्तर विभाग: आगमन दुरुस्ती'. बनवल्याची तारीख तीन वर्षांपूर्वीची. गाडीची खरी जागा बघून घड्याळ सुरू करायचं, अशी बरोबर आम्हाला हवी तीच गोष्ट. तिच्यासमोर शून्य टाकून ती बंद केलेली.

"ही वापरली का नाही?"

"तेव्हा गिऱ्हाइकाने... तेव्हा प्राधान्य वेगळं होतं." त्याने चष्मा पुसला. "मला वाटतं मी विसरलो."

त्याला इतकं वाईट वाटलं की मी विषय वाढवला नाही. माणूस कामाच्या धबडग्यात विसरतो. मी स्वतःच चौदा वर्षं एक ओळ विसरले होते, मी कोणाला बोलणार?

दुरुस्ती चालू करून पाहिली. लेंपीबाई: शहाण्णव.

सोमवार, २७ नोव्हेंबर

व्हिटकमशी पडद्यावर बैठक. कर्ट, मी, ऑस्ट्रँडर. तिच्याबरोबर एक वकील, जो एक शब्दही बोलला नाही.

मी दुरुस्त आकडे दाखवले. तिने ते पाहिले नाहीत.

"छान काम. पुढच्या तिमाहीपासून वापरू. ही तिमाही जुन्या पद्धतीवर बंद होईल."

"मग एक जानेवारीला दोनशे माणसं घरी बसतील."

"त्यांना अपील करता येतं."

"अपिलाला किती दिवस?"

"पंचेचाळीस."

"लेंपी हार्जू पंचेचाळीस दिवस जगणार नाहीत."

"मिस लाहती, मी कोणा एका व्यक्तीबद्दल बोलू शकत नाही."

"मी बोलू शकते. मी तिच्या हातचं जेवलेय."

कर्टने टेबलाखालून माझ्या बुटावर पाय ठेवला.

मग ती गोड झाली. टर्नस्टोनचं निम्म्याहून अधिक काम त्यांचं आहे, हे नव्या मालकांना ठाऊक असेलच. वेळेवर सही न येणं म्हणजे करार मोडणं. आणि जुने आकडे खोटे होते असं कंपनीने स्वतःच म्हटलं, तर गेल्या वर्षांच्या सगळ्या सह्यांचं काय करायचं ते त्यांच्या वकिलांना बघावं लागेल.

बैठक संपल्यावर कर्ट म्हणाला, "सही कर, क्रिस्टा. आधी सही, मग दुरुस्ती. लेंपीबाईंना मी स्वतः नेईन, फुकट. तिघांना नेईन. दहांना नेईन."

"आणि बाकीच्यांना? ते बासष्ट कोण, हे तरी तुला माहीत आहे का?"

"नाही. तुलाही नाही."

"म्हणूनच."

"बाबांचं गॅरेज गहाण आहे," तो म्हणाला आणि बाहेर गेला. खिडकीतून दिसत होतं, तो पार्किंगमधलं बर्फ ओढत होता, जे सकाळीच ओढून झालं होतं.

तो चुकीचं बोलत नाहीये. हेच अवघड आहे. सही केली तर काही माणसं आम्ही आमच्या हाताने वाचवू शकू, आणि कंपनी राहील, आणि कंपनी राहिली तर पुढेही गाड्या धावतील. सही नाही केली तर आहे तेही जाईल, कदाचित. मी दोन्ही बाजू कागदावर लिहून पाहिल्या. सहीची बाजू लांबलचक भरली. दुसऱ्या बाजूला एकच ओळ आली: ते खरं नाही. बराच वेळ बघत बसले. दुसरी काही ओळ सुचली नाही, आणि तीही खोडता आली नाही.

बुधवार, २९ नोव्हेंबर

सकाळी टेबलावर एक चिठ्ठी होती. राज्याच्या आरोग्य खात्यातल्या तक्रार कार्यालयाचा नंबर, आणि खाली मोठमोठ्या अक्षरांत: 'नियम १४ वाच. सही नसेल तर गुण वापरता येत नाहीत. यादीच होत नाही.' शिकारीच्या परवान्याच्या मागे लिहिलेलं. नाव होतं तेवढा वरचा भाग फाडलेला. मारलेल्या हरणाला बांधायची पट्टी खाली तशीच, न वापरलेली.

राज्याच्या नियमावलीतला नियम १४ वाचला. खरं आहे. मापाच्या मालकाची सही नसेल तर त्या मापावरून कोणाचीही सेवा कमी करता येत नाही. म्हणजे व्हिटकमला माझी सही का एवढी हवी आहे ते कळलं.

बेव्हला विचारलं. ती म्हणाली, "मी शिकार करते का?" बहुतेक ग्लेनचं काम. म्हणजे त्याने माफ केलं. फार बरं वाटलं.

कर्टला मी हे सांगितलं नाही. उगाच त्याची झोप उडायची.

गुरुवार, ३० नोव्हेंबर

सही केली नाही.

त्याऐवजी एक पत्र पाठवलं. एक प्रत मधल्या कंपनीला, एक राज्याला, आणि पत्रं मिळालेल्या दोनशे एकोणपन्नास जणांना प्रत्येकी एक. आधी तीन पानं झाली होती. बेव्हने वाचलं आणि म्हणाली, "यात तुझं मन फार आहे. मन काढ." मग एवढंच उरलं:

'तुमचे गुण चुकीचे आहेत. उत्तरेत गाडी पोहोचायच्या आधी आमचे चालक बटण दाबत. तसं करायला मी शिकवलं होतं. तुम्ही उशीर केला नव्हता. इतर कंपन्यांच्या बासष्ट जणांच्या बाबतीत कारण वेगळं असू शकेल, पण ते कोणी तपासलेलं नाही, म्हणून त्यांच्याही गुणांवर मी सही करत नाही. क्रिस्टा लाहती.'

मग ऑस्ट्रँडरला सांगितलं, गुणांचा भाग सगळीकडे बंद करा. सगळ्या राज्यात.

"कायमचा?"

"मी परत चालू करायला सांगेपर्यंत. आणि मी सांगणार नाही."

"हे मी करू शकत नाही. म्हणजे, करता येतं. पण नोंदीत माझं नाव राहील."

"मग कुठे दाबायचं ते दाखवा."

त्याने दाखवलं. मी दाबलं. या खेपेला नीट विचार करून.

मंगळवार, १२ डिसेंबर

राज्याच्या कार्यालयाची सुनावणी, फोनवर. ऐकणारे अधिकारी एक वयस्कर गृहस्थ, आवाजावरून सर्दी झालेले. मी, कर्ट आणि बेव्ह फोनभोवती बसलो होतो. व्हिटकमचा वकील आज बोलला.

"मिस लाहती, तुमचे चालक न पोहोचताच पोहोचलो अशी नोंद करत होते?"

"हो."

"कधीतरी?"

"रोज. बाराही महिने."

"आणि हे तुम्ही त्यांना लेखी शिकवलं?"

"हो. चौथी ओळ. पानाची प्रत तुम्हाला पाठवलीय."

"ही खोटी नोंद आहे हे तुम्हाला मान्य आहे?"

"मान्य."

"मग आज तुम्ही खरं बोलताय यावर आम्ही का विश्वास ठेवावा?"

मी फोन जवळ ओढला.

"ठेवू नका," मी म्हटलं. "माझ्यावर विश्वास ठेवून कोणाची गाडी चालू ठेवा असं मी म्हणतच नाहीये. एवढंच म्हणतेय, की माझ्या खोट्या नोंदीवरून कोणाची बंद करू नका. दंड करायचा तर मला करा. नाव लिहून घ्या, सावकाश सांगते."

अधिकाऱ्यांनी नाक शिंकरलं. मग त्यांनी वकिलाला विचारलं, "ही दुरुस्ती तीन वर्षांपूर्वी बनवली होती असं कागदात आहे. ती बंद ठेवा असं कोणी सांगितलं होतं का?"

वकील म्हणाला, माहिती घेऊन कळवतो. मी पटकन मध्ये बोलले, की ऑस्ट्रँडर विसरले होते, त्यांचा दोष नाही. अधिकारी म्हणाले, "हो का," आणि काहीतरी लिहून घेतलं.

बेव्हने कपाळाला हात लावला. का ते विचारायचं राहिलं.

शुक्रवार, २२ डिसेंबर

निकाल आला. एक जानेवारीची यादी रद्द. पत्रं परत घेतली जातील. आमच्या कंपनीला लेखी ताकीद, आणि वर्षभर राज्याचा माणूस येऊन आमच्या नोंदी तपासेल. येऊ दे. बेव्हने त्याच्यासाठी आत्ताच एक मोडकी खुर्ची काढून ठेवली आहे.

त्याच टपालाने मधल्या कंपनीचं पत्र: एप्रिलपासून टर्नस्टोनशी करार संपला. दुसरं सॉफ्टवेअर घेणार आहेत. त्यात गुण असतीलच. म्हणजे हे पुन्हा लढावं लागणार, आणि तेव्हा घड्याळ माझ्या हातात नसेल. फायदा झाला असं मी कोणाला सांगू शकत नाही.

ऑस्ट्रँडरने राजीनामा दिला. निरोप घेताना म्हणाला, "तुम्ही माझ्याबद्दल फार चांगलं बोललात." मी म्हटलं, त्यात काय. तो लाल झाला. तिथेच काम करणाऱ्या त्याच्या दोन मुलीही गेल्या. आठ राहिले. त्यांच्यातली एक, अनिता डेलोर्म, म्हणाली की राज्याबाहेरच्या छोट्या गाडी-कंपन्यांना हे गुणांशिवायचं सॉफ्टवेअर हवं असेल. बघू. बँकेला वसंतापर्यंत काय सांगायचं ते मला ठाऊक नाही.

कर्ट अजून माझ्याशी धड बोलत नाही. निकाल वाचून दाखवला तेव्हा म्हणाला, "गॅरेज गेलं तर मी तुझ्या दिवाणखान्यात गाड्या दुरुस्त करीन." आणि वेलदोड्याच्या पावाचा शेवटचा तुकडा माझ्या ताटात ठेवला, जो त्याला फार आवडतो. त्याला भूक नसावी.

बुधवार, ३ जानेवारी

ग्लेनला फ्लू. लेंपीबाईंची फेरी मी घेतली. उणे अठरा. बेव्हने आधी फोन केला होता. दारात चाकं थांबली, मग बटण दाबलं.

लेंपीबाई बाहेर आल्या नाहीत. मी पायऱ्या चढून दार वाजवलं. आतून आवाज आला, "उघडंच आहे."

त्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसल्या होत्या, कोट घालून, पिशवी मांडीवर. समोर कॉफी.

"निघायचं ना?"

"माझे गुण किती आता?"

"गुणच नाहीत. बंद केले."

"मी उशीर केला तर काय वजा होतं?"

"काही नाही."

"कोणाला कळतं?"

"मला."

"बेचाळीस वर्षं मी साडेअकराला वाढलं," त्या म्हणाल्या. "आयुष्यात एकदाही कोणाला ताटकळत ठेवलं नाही. केंद्रात आठला जागा मिळते. आपण सव्वासातला पोहोचतो. हिशेब बरोबर आहे ना माझा?"

"बरोबर आहे."

"मग बाहेर जा आणि इंजिन गरम ठेव."

मी बाहेर आले. गाडीत बसले. खिडकीतून त्या दिसत होत्या. त्यांनी कप संपवला, माझ्याकडे पाहिलं, किटली उचलली आणि दुसरा भरला. दोन साखरा. सावकाश ढवळत राहिल्या.

मी अकरा मिनिटं थांबले.